कांदा-लसूण चटणी बाजूला ठेवून

ऋषिपंचमीला सांगली जिल्ह्यातल्या तासगावात गणपतीचा रथ निघतो. बाकी महाराष्ट्रात सार्वजनिक उत्सव दहा दिवस चालतो, इथल्या पटवर्धन संस्थानच्या गणपतीचं विसर्जन मात्र दीड दिवसांतच होतं, आणि रथाचे दोर ओढायला सारी पंचक्रोशी लोटते. त्याच दिवशी अनेक घरांतल्या बायका एक नेम पाळतात: बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. म्हणजे गहू, ज्वारी, तूर, हरभरा सगळं बाद. अळू, माठ, भेंडी, लाल भोपळा, दोडका, मक्याची कणसं आणि थोडी चिंच एवढ्यावर ऋषीची भाजी शिजते. मसाला नाही, झणझणीत फोडणी नाही.

ठरावीक दिवस ठरावीक अन्न वर्ज्य करायचं, आणि जे खायचं ते साधं, घरी शिजवलेलं. हल्ली आहारतज्ज्ञ ज्याला ‘एलिमिनेशन डाएट’ म्हणतात, त्याचा अर्धा भाग इथल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. उरलेला अर्धा भाग, म्हणजे सोडलेलं अन्न एकेक करून परत आणणं आणि शरीर काय म्हणतं ते टिपणं, हा मात्र नवा आहे. आणि सगळं काही त्याच अर्ध्यात आहे.

1920 च्या दशकात कॅलिफोर्नियातले डॉक्टर आल्बर्ट रो ॲलर्जीच्या रुग्णांना मोजकेच पदार्थ द्यायचे आणि त्रास थांबला की एकेक पदार्थ वाढवत जायचे. त्यांच्या लेखी पथ्य हे निदानाचं साधन होतं. पुढे त्याला वजन उतरवण्याचा आणि ‘शरीरशुद्धी’चा रंग चढला. 2009 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘होल थर्टी’त 30 दिवस साखर, धान्य, डाळी, दूध आणि दारू बंद. तासगावच्या ताटाला हे लावून पाहिलं तर भाकरी गेली, आमटी गेली, ताक गेलं. अंडी-मटण खाणाऱ्याचं निभावेल. शाकाहारी माणसाला प्रथिनांसाठी शेंगदाणेसुद्धा उरत नाहीत, कारण त्या यादीत तेही कडधान्यच. ही यादी जशीच्या तशी इथे उतरवण्यात शहाणपण नाही.

ज्यांचं पोट वारंवार फुगतं, कळ येते, कधी जुलाब तर कधी मलावरोध होतो, आणि डॉक्टरांनी तपासून ‘आयबीएस’ असं सांगितलंय, त्यांच्यासाठी जास्त अभ्यासलेला मार्ग मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून आला. पीटर गिब्सन आणि सू शेफर्ड यांनी 2000 नंतरच्या दशकात ‘फॉडमॅप’ हा गट पुढे मांडला. ही लहान आतड्यात नीट न शोषली जाणारी कर्बोदकं. ती आतड्यात पाणी ओढून घेतात, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांना आंबवतात, त्यातून वायू होतो आणि नाजूक आतड्याला तो ताण सोसत नाही. गहू, कांदा, लसूण यांत फ्रुक्टन असतं, हरभरा, राजमा, मसूर यांत गॅलॅक्टन, दुधात लॅक्टोज, आंब्यात आणि मधात जादा फ्रुक्टोज.

आता कांदा-लसूण सोडायचा म्हटलं की सांगली-साताऱ्याकडच्या स्वयंपाकघरात पहिली अडचण बरणीतच भेटते. उन्हाळ्यात वर्षभराची चटणी होते: मिरची, धणे, खोबरं, तीळ, खडा मसाला, वर तळलेला कांदा आणि भरपूर लसूण. सगळं डंकावर कुटून आणायचं आणि बरणीत दाबून भरायचं. हीच चटणी आमटीत, हीच उसळीत, रश्श्यात आणि भाकरीबरोबर तेल घालून नुसतीसुद्धा. त्यामुळे ‘मी महिनाभर कांद्याला शिवलो नाही, तरी फरक पडला नाही’ असं सांगणाऱ्याच्या पोटात रोज दोन वेळा कांदा-लसूण गेलेला असू शकतो.

मार्ग आहेत. मिरचीपूड, धणे, जिरे, खोबरं एवढ्याचा एक छोटा डबा वेगळा करता येतो. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून लसणाच्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या तर वास आणि चव तेलात उतरते, त्रास उतरत नाही. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो. हिंगाच्या डबीवरचे घटक मात्र वाचावेत, कारण बाजारातल्या बांधणी हिंगात बहुधा मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं.

गव्हाची गोष्ट गुंतागुंतीची आहे. ‘ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) सोसत नाही’ असं अनेकजण स्वतःच ठरवतात. 2013 मध्ये मोनॅशच्याच संशोधकांनी असं सांगणाऱ्या 37 जणांना आधी कमी फॉडमॅपचं जेवण दिलं, मग कुणाला कधी ते कळू न देता ग्लुटेन दिलं. ग्लुटेनचा म्हणून वेगळा परिणाम दिसला नाही. 2018 मध्ये नॉर्वेत 59 जणांवर झालेल्या प्रयोगात ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टनने जास्त त्रास दिला. म्हणजे चपातीने पोट फुगतं हे खरं असूनही त्याचं कारण वेगळं असू शकतं. ग्लुटेनने आतड्याला इजा होते तो सिलिॲक हा मात्र खरा, गंभीर आजार. त्याची रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच करावी लागते. आधी गहू बंद केला तर अहवाल खोटाच स्वच्छ येऊ शकतो आणि निदान वर्षानुवर्षं लांबतं. सिलिॲक असेल तर ज्वारीची भाकरी चालते, पण गिरणीत त्याच जात्यावर आधी गहू दळला असेल तर नाही.

आपल्या परंपरेत सोडलेलं अन्न परत आणण्याचाही सोहळा आहे. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांदाभजी, थालीपीठ मनसोक्त खाऊन कांदा-लसूण-वांगं चार महिने बंद; आणि चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याला वांग्याचं भरीत, कांद्याची पात, रोडगे. चातुर्मासात पोट हलकं राहतं असं कितीतरी जण सांगतात, ते खोटं मानायचं कारण नाही. पण एकाच दिवशी सगळं परत आलं, की त्रास कशाचा होता हे शोधायची वाट बंद होते. शिवाय त्याच चार महिन्यांत उपवास, पावसाळी भाज्या, कमी तळण असं बरंच काही बदललेलं असतं.

म्हणून वर्ज्य काळ दोन ते सहा आठवडेच ठेवतात. नंतर एका वेळी एकच पदार्थ: पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी जास्त, तिसऱ्या दिवशी नेहमीइतका. वहीत वेळ, पदार्थ, प्रमाण, पोटाची तक्रार आणि झोप लिहायची. दोन-तीन दिवस थांबून मग पुढचा पदार्थ. दूध सोसलं नाही म्हणून ताकही सोडायची घाई करू नये. बहुतेकांना एक कपभर दुधातलं लॅक्टोज पचतं, दह्यात ते कमी असतं, तुपात जवळजवळ नसतंच.

पथ्यात साखर सोडायची म्हटलं की तासगाव तालुक्यात ‘नैसर्गिक’ म्हणून साखरेऐवजी बेदाणा सुचवणं सहज घडतं. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे साखरही तेवढीच दाटते. पिवळाधमक रंग टिकावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात. दम्याच्या काही रुग्णांना या धुरीतून उरणाऱ्या सल्फाइटने त्रास होतो, आणि ठरावीक प्रमाणापुढे पाकिटावर ते छापणं कायद्याने बंधनकारक आहे. फळ वाळवलेलं आहे, एवढ्यावर ते निर्धोक ठरत नाही.

काहींनी हा प्रयोग घरी करूच नये. ज्यांना एखाद्या पदार्थाने अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास अडकला, त्यांनी तो पदार्थ ‘परत खाऊन पाहणं’ जिवावर बेतू शकतं. गरोदर बाई, वाढीची मुलं, मधुमेहाची औषधं घेणारे, जेवणाशी आधीच बिनसलेली माणसं, यांनी डॉक्टर व आहारतज्ज्ञाशिवाय पाऊल टाकू नये. वजन आपोआप घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, तर आधी तपासणी, पथ्य नंतर. रक्तातल्या ‘आयजीजी’वरून न सोसणाऱ्या पदार्थांची यादी देणाऱ्या महागड्या चाचण्यांची ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना शिफारस करत नाहीत.

आणि हे सगळं शिजवणार कोण? घरातल्या एकाचं पथ्य म्हणजे बहुधा एका बाईला दुसरी चूल. ती स्वतः पोटाची तक्रार घेऊन बसली असेल तर तिच्यासाठी वेगळं कुणी रांधतही नाही. यावर सोपी तोड आहे आणि ती घरातल्या पुरुषांनाही जमण्यासारखी आहे: मुगाची आमटी हळद, मीठ, जिरे घालून सगळ्यांची एकत्रच उकळायची, पथ्यवाल्याची वाटी आधी काढून घ्यायची आणि मग उरलेल्या पातेल्यात चटणी टाकून वर फोडणी द्यायची.