पाचारण आणि परवाना

वसईत एखादा मुलगा सेमिनरीत निघाला की ‘त्याला पाचारण झालं’ असं म्हणतात. पाचारण करणारा देव, त्यामुळे घरचे फारसे वाद घालत नाहीत. पण तोच मुलगा समुद्रापलीकडे निघाला की वेगळा प्रश्न उभा राहतो. तिथल्यांनी त्याला बोलावलंय का? बहुधा नाही. मिशनरींची चरित्रं चाळताना मला हेच पुन:पुन्हा दिसत राहिलं : पाचारण आधी, परवाना मागाहून. कधी कधी तो मिळतच नाही.

मिशनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोरा साहेबच येतो. पण आपल्या किनाऱ्यावरूनही माणसं गेली आहेत. वसईचा गोन्सालो गार्सिया पंधराएक वर्षांचा असताना जेझुइटांबरोबर जपानला गेला. बाप पोर्तुगीज, आई इथली. जपानी भाषा त्याच्या तोंडात बसली, पण जेझुइट संघात प्रवेश काही मिळाला नाही. मग त्याने व्यापार केला, चार पैसे गाठीला बांधले आणि मनिलात फ्रान्सिस्कनांकडे जाऊन साधा ब्रदर झाला. १५९३ मध्ये तो दुभाष्या म्हणून पुन्हा जपानला पोचला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये रोमने त्याला संत ठरवलं. वसईतल्या कॉलेजला त्याचं नाव आहे. तिथे शिकलेल्या किती जणांना तो जपानी बोलायचा हे ठाऊक असेल, देव जाणे.

जुझे वाझची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी. बाणावलीत १६५१ मध्ये जन्मलेला हा सारस्वत घराण्यातला पाद्री. गोव्यातल्या युरोपीय धर्मसंघांची दारं स्थानिकांना बंद होती, तेव्हा स्थानिक पाद्र्यांनीच जुन्या गोव्यात ऑरेटरी नावाचा आपला संघ उभा केला. वाझ त्याचा आधार झाला. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर तेव्हा डचांचा अंमल होता. डच कॅल्विनपंथी, त्यामुळे कॅथलिक पाद्र्यांना तिथे पाय ठेवायची बंदी. म्हणजे एका ख्रिस्ती सत्तेपासून लपून दुसऱ्या ख्रिस्ती पाद्र्याने ख्रिस्ती माणसं सांभाळायची! १६८७ मध्ये तो मजुराच्या वेषात, अनवाणी, जाफन्याकडे उतरला. उतरताच हगवणीने आडवा पडला. बरा झाल्यावर गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागू लागला. माळ पाहून कुणाच्या डोळ्यांत ओळख उमटते, तेवढं तो टिपायचा. त्यावरून कुठलं घर आपलं, हे त्याला कळायचं.

पुढे कँडीच्या राज्यात शिरला, तर तिथे पोर्तुगीजांचा हेर म्हणून कैदेत पडला. राजा बौद्ध. त्यानेच अखेर त्याला मोकळीक दिली. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली, रोग्यांना घरचेच सोडून पळू लागले, तेव्हा वाझ आणि त्याचा सोबती त्यांना खाऊपिऊ घालत, धूत, पुरत फिरले. राजाच्या मर्जीचं कारण प्रवचनांपेक्षा या कामात जास्त असावं, असं मला वाटतं. १७११ मध्ये तो कँडीतच वारला. २०१५ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्याला संत घोषित केलं.

आता उलट दिशा. फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेतल्या सेलम बंदरातून ‘कॅरॅव्हान’ जहाज निघालं. त्यात न्यूवेल आणि जडसन ही नवी लग्न झालेली मिशनरी जोडपी होती. त्यांचे सहकारी हॉल आणि नॉट फिलाडेल्फियाहून दुसऱ्या जहाजाने आले. धर्म बुडण्याच्या भीतीतून उसळलेलं वेल्लोरचं १८०६ चं शिपायांचं बंड कंपनी सरकार विसरलं नव्हतं आणि त्यातच अमेरिका-इंग्लंड युद्ध पेटलं. कलकत्त्यात सगळ्यांना चालते व्हा म्हणून हुकूम मिळाला. हॅरिएट न्यूवेलचं बाळ मॉरिशसच्या वाटेवर दगावलं आणि नोव्हेंबरात तीही गेली. वय एकोणीस. मराठी मुलूख तिने पाहिलाही नाही. मागे राहिलेल्या तिच्या रोजनिशी-पत्रांचं पुस्तक मात्र अमेरिकेत घराघरांत गेलं.

गॉर्डन हॉल आणि नॉट कलकत्त्याहून निसटून फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले. इथेही परत पाठवणीचाच हुकूम. दोघे कोचीनकडे निसटले, तर धरून आणले गेले. गव्हर्नर नेपियनकडे अर्जविनंत्या झाल्या आणि शेवटी राहू दिलं. नॉट प्रकृतीमुळे १८१५ मध्ये परतला. हॉल राहिला, मराठी शिकला, शाळा काढल्या, नव्या कराराच्या भाषांतराला बसला. धर्मांतरांच्या हिशोबात त्याची वही जवळपास कोरी. १८२६ च्या मार्चमध्ये तो नाशकात होता, तेव्हा तिथे पटकी पेटलेली. जवळचं बहुतेक औषध त्याने वाटून टाकलं. परतीच्या वाटेवर एका खेड्यात, देवळाच्या ओसरीवर, त्यालाच पटकी झाली आणि काही तासांत आटोपलं. सोबत दोन पोरं होती, त्यांनीच पुरलं. मूर्तिपूजेविरुद्ध बोलायला सात समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला अखेरची सावली देवळाने दिली. ज्या मराठी नव्या करारासाठी तो झटला, तो त्याच साली छापून निघाला.

मिस सिंथिया फरारविषयी मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. हॉलच्याच अमेरिकन मराठी मिशनमध्ये १८२७ मध्ये ही अविवाहित बाई आली आणि १८६२ मध्ये अहमदनगरला वारली. सावित्रीबाईंचं प्रशिक्षण तिच्याकडे झालं, एवढ्यावरच तिची नोंद पक्की आहे.

हे सगळं गोड नव्हतं. मिशनरींच्या पत्रकांत आपल्या देवांची टिंगल असे आणि तिला उत्तरही मिळे. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत, तेव्हा ऐकायला गर्दी लोटे. टिंगल करणाऱ्यांनी पाहुणचार गृहीत धरला होता, हे म्हणायला हरकत नाही.

त्याच अमेरिकन मराठी मिशनमधल्या जस्टिन अ‍ॅबट यांचं उत्तरायुष्य म्हणूनच मला विलक्षण वाटतं. १८८१ पासून जवळजवळ तीस वर्षं त्यांनी इथे काम केलं. निवृत्त होऊन न्यू जर्सीतल्या समिट गावी स्थिरावले आणि तिथे टेबलाशी बसून एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास इंग्रजीत उतरवत राहिले. हे काम त्यांना कुठल्याही मिशन बोर्डाने सांगितलं नव्हतं. महिपतीच्या ‘भक्तविजया’साठी पंडित नरहर गोडबोले सोबतीला होते. १९३२ मध्ये अ‍ॅबट गेले. ‘भक्तविजया’चा पहिला खंड त्यानंतरच्या वर्षी बाहेर पडला.