विश्लेषण : चौथ्या प्रयत्नातही चेंडू न सोडणारा प्रशिक्षक! शाळेत नऊ विजेतेपदे, कॉलेजात मात्र एकच हंगाम… असे का घडले?

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक शहरात पुलास्की अकॅडमी ही खासगी शाळा आहे. २०११ मध्ये या शाळेचा अमेरिकन फुटबॉल संघ कॅबट हायस्कूलविरुद्ध खेळत होता. कॅबटच्या खेळाडूंच्या हाती चेंडू येण्यापूर्वीच धावफलकावर २९-० असे आकडे झळकत होते. या खेळात गुण मिळवणारा संघ त्यानंतर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे लाथाडतो, त्यामुळे असे सहसा घडत नाही. पुलास्कीचे प्रशिक्षक केव्हिन केली यांना मात्र चेंडू द्यायचाच नव्हता.

‘पंट’ म्हणजे काय?

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमक संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. १० यार्ड पार केले की पुन्हा चार प्रयत्न. चौथा प्रयत्न फसला, तर चेंडू आहे त्याच जागी प्रतिस्पर्ध्याला मिळतो. म्हणून तीन प्रयत्नांत काम झाले नाही की बहुतेक संघ चौथ्या वेळी चेंडू लांब लाथाडून देतात. यालाच पंट म्हणतात. चेंडू जातो, पण प्रतिस्पर्ध्याला निदान लांबून सुरुवात करावी लागते. कबड्डीतील ‘डू ऑर डाय’ चढाईच्या वेळी चढाईपटूने स्वतःहून मैदान सोडावे, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की, इथे त्याला शहाणपण समजले जाते.

केली यांचे गणित काय होते?

केली यांनी शालेय सामन्यांचे आकडे तपासले. आपला संघ स्वतःच्या गोलरेषेजवळ अडकला असताना पंट केला, तर प्रतिस्पर्ध्याला साधारण ४० यार्डांवर चेंडू मिळतो आणि तो ७७ टक्के वेळा गुण मिळवतो. पंट न करता चौथा प्रयत्न खेळला आणि तो फसला, तर हेच प्रमाण ९२ टक्के होते. म्हणजे सर्वांत वाईट घडले तरी फरक १५ टक्क्यांचाच. आता समजा, चौथा प्रयत्न निम्म्या वेळा यशस्वी होतो. मग प्रतिस्पर्ध्याने लगेच गुण मिळवण्याची शक्यता ९२ च्या निम्मी, म्हणजे ४६ टक्के उरते. ४६ आणि ७७ यांत काय निवडायचे, हे सांगायला प्रशिक्षक लागत नाही.

हाच तर्क त्यांनी ‘ऑनसाइड किक’ला लावला. गुण मिळवल्यानंतर चेंडू लांब न मारता जेमतेम १० यार्ड पुढे टाकायचा आणि आपणच झडप घालायची. डाव फसला तर नुकसान सरासरी १४-१५ यार्डांचे, जमला तर चेंडू पुन्हा आपला. कॅबटविरुद्ध हेच वारंवार जमले.

बाकीचे असे का खेळत नाहीत?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील अर्थतज्ज्ञ डेव्हिड रोमर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात व्यावसायिक ‘एनएफएल’ संघही गरजेपेक्षा फार जास्त वेळा चेंडू लाथाडतात, असा निष्कर्ष काढला होता. कारण सरळ आहे. पंट करून सामना गमावला तर दोष खेळाडूंचा. चौथा प्रयत्न फसून गमावला तर दोष प्रशिक्षकाचा. नोकरी गमावण्याची भीती गणितापेक्षा मोठी असते.

केली यांना ती भीती फारशी नव्हती. मुख्य प्रशिक्षक म्हणून २००३ च्या पहिल्याच हंगामात त्यांनी राज्य विजेतेपद जिंकून दिले होते. २०२० पर्यंत २१६ विजय, २९ पराभव, एक बरोबरी आणि नऊ विजेतेपदे अशी त्यांची कामगिरी झाली. २०१५ मध्ये त्यांच्या संघाने टेक्सासमधील हायलँड पार्क शाळेची घरच्या मैदानावरील सलग ८४ विजयांची मालिका ४०-१३ अशी मोडली. ‘न्यू इंग्लंड पेट्रियट्स’चे तेव्हाचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनीही त्यांचे जाहीर कौतुक केले.

योगायोग असा की, याच बेलिचिक यांना फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये चौथ्या प्रयत्नाचा फटका बसला. फिलाडेल्फिया ईगल्सने गोलरेषेसमोर चौथ्या प्रयत्नात सोपे तीन गुण नाकारले, थेट क्वार्टरबॅकलाच पास देऊन टचडाउन केले आणि सामना ४१-३३ असा जिंकला. त्यांचे प्रशिक्षक डग पीडरसन हेही एकेकाळी लुइझियानातील एका शाळेत शिकवत होते.

कॉलेजात काय बिनसले?

मे २०२१ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील क्लिंटन येथील प्रेस्बिटेरियन कॉलेजने केली यांना नेमले. पहिला सामना ८४-४३ असा जिंकला. क्वार्टरबॅक रेन हेफ्लीने १० टचडाउन पास दिले आणि विली टॉटनचा १९८४ पासूनचा नऊ पासचा विक्रम मोडला. दुसरा सामना ६८-३. पण हे दोन्ही प्रतिस्पर्धी खालच्या स्तरावरचे होते. तिसऱ्या सामन्यात कॅम्पबेल विद्यापीठाने त्यांना ७२-० असे चिरडले. त्यानंतर एकही विजय नाही. हंगामअखेर २ विजय, ९ पराभव.

गणित चुकले का? सूत्र तेच होते, त्यात भरायचे आकडे बदलले होते. शालेय खेळाडूंची लाथ फार लांब जात नाही, म्हणून तिथे पंट सोडून फारसे गमवावे लागत नाही. कॉलेजातील पंट लांब जातो, तो सोडण्याची किंमतही वाढते. चौथ्या प्रयत्नातील यश तर पूर्णपणे समोरच्या बचावफळीवर आपण किती भारी पडतो, यावर ठरते. पुलास्कीचा संघ आपल्या गटात बलाढ्य होता. प्रेस्बिटेरियनने मात्र फुटबॉलसाठीच्या क्रीडा शिष्यवृत्त्या बंद केल्या होत्या आणि मे महिन्यात आलेल्या प्रशिक्षकाला आपल्या पसंतीची मुले गोळा करायला वेळच नव्हता. अकरा सामन्यांवरून एखादी पद्धत निकालात काढणे संख्याशास्त्राला धरून नाही, हेही खरे. पण कॉलेजचा प्रशिक्षक निकालांवरच मोजला जातो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये केली यांनी राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात पुलास्की अकॅडमीने नवे प्रशिक्षक अँथनी लुकास यांच्या मार्गदर्शनाखाली पुन्हा राज्य विजेतेपद जिंकले.