ससा, सीरम आणि एसआरसी

कर्करोगाशी जोडलेलं जवळपास कुठलंही किनेज, म्हणजे प्रथिनांवर फॉस्फेट बसवणारं विकर घ्या, त्याला ओळखणारं सशाचं पॉलिक्लोनल प्रतिपिंड, म्हणजे अनेक प्रतिपिंडांचं मिश्रण, आज इवल्याशा कुपीत विकत मिळतं. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की कर्करोग घडवणारं पहिलं किनेज सशाच्या सीरममुळेच हाती लागलं, हे नव्या संशोधकांना सांगावं लागतं.

१९११ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस यांनी कोंबडीच्या गाठीचा गाळलेला, पेशीविरहित अर्क दुसऱ्या कोंबड्यांना टोचला आणि त्यांनाही गाठी आल्या. यामागच्या विषाणूचा कर्करोगकारक गुण एसआरसी या एकाच जनुकात आहे, हे सत्तरच्या दशकात उमगलं. त्या जनुकाचं प्रथिन मात्र कोणी पाहिलं नव्हतं. शुद्ध प्रथिन नाही, मग त्याविरुद्ध प्रतिपिंड तरी बनवायचं कसं?

डेन्व्हरमध्ये जोन ब्रुगी आणि रेमंड एरिकसन यांनी हा पेच उलट्या बाजूने सोडवला. नवजात सशांना त्यांनी राउसचा विषाणू टोचला. गाठी वाढल्या, त्यातलं परकं प्रथिन सशांच्या शरीराने ओळखलं आणि प्रतिपिंडं तयार झाली. कशाविरुद्ध, हे माणसाला माहीत नसताना! अर्थात, सीरममध्ये विषाणूच्या इतर प्रथिनांविरुद्धचीही प्रतिपिंडं होती. फोडलेले विषाणू मिसळून त्यांना आधी गुंतवून टाकलं. उरलेल्या प्रतिपिंडांनी १९७७ मध्ये ६०,००० डाल्टनचं एक प्रथिन पकडून दिलं.

माझ्या मते खरी कमाल पुढच्या वर्षीची. मार्क कॉलेट आणि एरिकसन यांनी प्रतिपिंडाने पकडलेल्या प्रथिनात किरणोत्सारी फॉस्फरस असलेलं एटीपी घातलं. फॉस्फेट जाऊन बसलं ते थेट प्रतिपिंडाच्याच जड साखळीवर. पकडणाराच खूण अंगावर घेऊन साक्षीदार झाला! हे प्रथिन किनेज आहे, याचा पुरावा सशानेच दिला. बिशप आणि व्हार्मस यांचा सॅन फ्रान्सिस्कोचा गटही त्याच वर्षी याच निष्कर्षावर आला. निरोगी पेशींतलं एसआरसीचं भावंडही अशाच सीरमने दाखवलं.

हे फॉस्फेट थ्रिओनिन या अमिनो आम्लावर बसतं, असा सुरुवातीचा समज होता. साल्क संस्थेत टोनी हंटर आणि बार्थोलोम्यू सेफ्टन यांनी १९८० मध्ये ते टायरोसिनवर बसत असल्याचं दाखवलं. टायरोसिन किनेजांना अडवणाऱ्या औषधांचा विचार तिथून शक्य झाला. २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं इमॅटिनिब हे त्याच वाटेवरचं.

पुढे पद्धत बदलली. गाठींऐवजी प्रथिनाचा छोटा कृत्रिम तुकडा मोठ्या वाहक प्रथिनाला जोडून सशाला टोचू लागले. फॉस्फेट बसलेलाच तुकडा दिला, की किनेज केवळ आहे का एवढंच नव्हे, तर जागं आहे का, हेही कळू लागलं. एसआरसीच्या ४१६ व्या टायरोसिनसाठी अशी प्रतिपिंडं रोज वापरली जातात.

पॉलिक्लोनल प्रतिपिंडांचा दोष मात्र त्यांच्या मिश्रण असण्यातच दडलेला. प्रत्येक सशाचं सीरम वेगळं आणि ससा मेला की ती खेप कायमची संपली. नव्या खेपेने जुना निकाल पुन्हा येईलच, याची खात्री नसते. म्हणूनच २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी जनुकक्रम ठाऊक असलेल्या रिकॉम्बिनंट प्रतिपिंडांकडे वळण्याचं आवाहन केलं. ते मला पटतं. तोवर पॉलिक्लोनल वापरणाऱ्याने शोधनिबंधात खेपेचा क्रमांक छापावा आणि ज्या पेशींतून ते किनेज काढून टाकलं आहे, त्यांवर प्रत्येक नवी खेप तपासूनच पुढचा प्रयोग लावावा.