डिस्क बदलली, लायसन्स जागेवरच आहे

जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायची म्हटली, की दुकानदार दोन दर सांगतो. एक एसएसडीचा, दुसरा विंडोज टाकून देण्याचा. दुसरा दर मेहनतीचा असेल तर ठीक. पण ‘जुनी विंडोज जुन्या डिस्कबरोबर गेली, आता नवं लायसन्स लागेल’ असं कारण ऐकू आलं तर पाकीट खिशातच ठेवावं. लायसन्स डिस्कवर नव्हतंच.

२०१२ मध्ये विंडोज ८ आली, तेव्हापासून लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या प्रॉडक्ट की थेट मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये लिहून पाठवू लागल्या. म्हणून लॅपटॉपच्या तळाशी पंचवीस अक्षरांचं स्टिकर दिसेनासं झालं. स्टिकर नाही, म्हणजे विंडोज ओरिजिनल नाही, असा निष्कर्ष त्यावरून काढू नये. २०१५ च्या विंडोज १० ने आणखी एक सोय आणली. मशीन एकदा ॲक्टिव्हेट झालं की त्याच्या हार्डवेअरवरून बनवलेली ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली जाते. यालाच डिजिटल लायसन्स म्हणतात. नव्या डिस्कवर तीच विंडोज टाकायची आणि नेट जोडायचं. ॲक्टिव्हेशन आपोआप होतं. मध्येच प्रॉडक्ट की मागितली तर ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय निवडून पुढे जायचं.

या भीतीला थोडा इतिहास आहे. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून घरगुती वापरणाऱ्यांना ॲक्टिव्हेशन करावं लागू लागलं. ती प्रणाली सुट्या भागांची यादी तपासायची आणि त्यात हार्ड डिस्कही होती. एकाच वेळी बरेच भाग बदलले तर पुन्हा ॲक्टिव्हेट करावं लागे, कधी फोन लावून. नियम बदलले, धास्ती तशीच राहिली.

वर ‘तीच विंडोज’ म्हटलं, आणि बहुतेकांची गाडी नेमकी तिथेच अडते. आपल्याकडे विकले जाणारे बरेच घरगुती लॅपटॉप होम किंवा होम सिंगल लँग्वेज आवृत्तीचे असतात. दुकानातल्या पेनड्राइव्हवर मात्र बहुधा प्रो असते, कारण ‘प्रो टाकून दिली’ म्हटलं की गिऱ्हाईक खूश. मदरबोर्डमधलं लायसन्स होमचं आणि डिस्कवर प्रो. मग ॲक्टिव्हेशन होणार कसं? इथे दोष हार्ड डिस्कचा नाही आणि लायसन्स संपलंय असंही नाही. योग्य आवृत्ती पुन्हा कोरी टाकली की प्रश्न मिटतो. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल फुकट मिळतं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. फर्मवेअरमध्ये की असली तर सेटअप सहसा आवृत्ती स्वतःच ओळखतो. डिस्क काढण्याआधी सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग ॲक्टिव्हेशन उघडून आवृत्तीचं नाव लिहून ठेवलं आणि लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवलं, तर नंतरचे वाद टळतात.

प्रो ॲक्टिव्हेट होईना, की काही ठिकाणी ‘लाइफटाइम ॲक्टिव्हेटर’ चालवला जातो. त्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. एवढ्यावरूनच सावध व्हायला हवं. अशी बरीच साधनं मोठ्या संस्थांसाठी असलेल्या केएमएस पद्धतीची नक्कल करतात. मुळात ते ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं आणि पुन्हा पुन्हा नूतनीकरण मागतं. ज्या लॅपटॉपच्या पोटात पैसे मोजून घेतलेलं लायसन्स पडून आहे, त्यातच चोरीची विंडोज घुसवायची आणि वर व्हायरसचा धोकाही पत्करायचा, याला काय म्हणावं!

दरम्यान घाबरून जायचं कारण नाही. ॲक्टिव्हेट नसलेली विंडोज लॅपटॉप बंद पाडत नाही की फाइली पुसत नाही. कोपऱ्यात फिकट सूचना दिसते, वॉलपेपरसारख्या सजावटीच्या सेटिंग्ज अडतात, इतकंच.

खरी अडचण मदरबोर्ड बदलल्यावर येते, कारण लॅपटॉपसोबत आलेलं लायसन्स त्यालाच बांधलेलं असतं. बोर्ड खराब झाल्यामुळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बदलून घेतला, तर लायसन्सची सोय त्यांच्याकडूनच करून घ्यावी. विंडोज ७ च्या जुन्या स्टिकरवर मात्र आता भिस्त ठेवू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या मार्गाने विंडोज १० किंवा ११ ॲक्टिव्हेट करणं बंद केल्याचं जाहीर केलं. ज्यांनी त्याआधीच अपग्रेड करून ॲक्टिव्हेट केलं होतं, त्यांची नोंद सर्व्हरवर आहे.

कधी कधी सेटअपला नवी एसएसडी दिसतच नाही आणि ‘डिस्क चालत नाही’ म्हणून ती परत केली जाते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये याचं कारण असतं व्हीएमडी ही सुविधा. तिचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून दिला की डिस्क दिसू लागते.

ऑफिसचा हिशोब वेगळा. लॅपटॉपसोबत आलेलं ऑफिस ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर सुरू केलं होतं त्याच खात्याने पुन्हा उतरवता येतं, म्हणून तो ईमेल आठवून ठेवा. काढलेली डिस्क यूएसबी केसमध्ये घालून फोटो घ्यायला गेलात आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली, तर तो बिटलॉकर. त्याचा लायसन्सशी संबंध नाही; ती की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, आणि जुनी डिस्क लॅपटॉपमध्ये असतानाच ती उतरवून घेणं सर्वांत सोपं.