तो प्रिन्स नव्हेच!

आमच्या घरात एक भांडण गेली पंधरा-सोळा वर्षं चालू आहे. प्रॉपर्टीचं नाही, प्रिन्सचं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चं!

सिडकोतलं दोन खोल्यांचं घर, हॉलच्या कोपऱ्यात असेंबल केलेला पीसी, खुर्चीत दादा आणि बाजूला स्टुलावर मी. कीबोर्ड-माऊस अर्थातच दादाकडे. माझी कामं दोनच. लाइट गेली की यूपीएसच्या टूंटूंमध्ये ‘सेव्ह कर, सेव्ह कर’ असं ओरडायचं (गेम ठरावीक जागीच सेव्ह व्हायचा, त्यामुळे उपयोग शून्य), आणि दर दोन मिनिटांनी ‘आता तो काय म्हणाला?’ असं विचारायचं. मी तेव्हा चौथीत, तेही मराठी मीडियम. दादा बटणं दाबता दाबता सगळी स्टोरी मराठीत सांगायचा.

गेम होता २००३ चा ‘द सँड्स ऑफ टाइम’. त्याची सुरुवात पर्शियात नाही, चक्क भारतात होते. राजा शरामन आणि त्याचा मुलगा एका महाराजाच्या राजवाड्यावर हल्ला करतात. वजीर फितूर. महाराजाची मुलगी फराह कैद होते आणि लुटीबरोबर तिलाही अझादच्या सुलतानाकडे नेतात. हा भारत नक्की कुठला, ते गेमवाल्यांनाच ठाऊक. आमच्यापुरता तो राजवाडा म्हणजे दौलताबाद! नुकतीच शाळेची सहल जाऊन आली होती. किल्ल्यातल्या अंधारीत गाइडने मशाल विझवली, वर वटवाघळं फडफडली आणि ‘शत्रू इथे चुकला की थेट खाली खंदकात’ असं त्याने सांगितलं, तेव्हा अख्खा वर्ग गप्प. त्यानंतर गेममधल्या भिंतीतून निघणाऱ्या करवती मला अजिबात खोट्या वाटल्या नाहीत.

तुम्ही म्हणाल, गेममध्ये स्टोरी कोण बघतं यार? ऐका तर. हा प्रिन्स वजिराच्या नादी लागून खंजिराने काळाची वाळू मोकळी करतो आणि सगळा महाल राक्षसांचा होतो. त्यात त्याचा स्वतःचा बाप. त्याला प्रिन्सलाच मारावं लागतं. मग उरतात तो आणि फराह. एकमेकांवर काडीचा विश्वास नाही, पण एकमेकांशिवाय दारही उघडत नाही. तो आगाऊ, स्वतःशीच बडबडणारा, मनातून घाबरलेला. हळूहळू त्याला आपली चूक कळत जाते.

आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे अख्खा गेम प्रिन्स आपल्याला ‘सांगत’ असतो. तुम्ही दरीत पडून मेलात की तो म्हणतो, छे, असं नव्हतं झालं, पुन्हा सांगतो. शेवटी कळतं, की तो हे फराहला सांगतोय. काळ मागे फिरलाय, हल्ला अजून झालेलाच नाही आणि ती त्याला ओळखतही नाही! ती नाव विचारते तेव्हा तो तिचाच लहानपणीचा गुप्त शब्द सांगतो: काकोलुकिया. पंचतंत्रातल्या तिसऱ्या तंत्राचं नाव ‘काकोलूकीय’ आहे, हे मला कॉलेजात कळलं आणि मी वर्गात एकटीच हसले. जॉर्डन मेकनरने लिहिलेली ही स्टोरी. १९८९ चा पहिला ‘प्रिन्स’ही त्याचाच. तेव्हा त्याने आपल्या धाकट्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून व्हिडिओ काढला आणि त्यावरून प्रिन्सची हालचाल बनवली. त्या प्रिन्सला नाव नव्हतं, स्वभावही नव्हता. स्वभाव मिळाला २००३ मध्ये.

आणि गेला २००४ मध्ये!

‘वॉरियर विदिन’मध्ये सात वर्षं उलटली आहेत. मरायला हवा होता तरी जगला म्हणून दहाका नावाचं काळाचं भूत प्रिन्सच्या मागे लागलंय. आयडिया मस्तच आहे. पण हा माणूस कोण? चेहरा रागीट, आवाज वेगळा (कलाकारच बदलला होता), तोंडात शिव्या, मागे गॉडस्मॅकचं मेटल म्युझिक, आणि बायकांचे कपडे असे की आई हॉलमध्ये आली की दादा फटकन मॉनिटर बंद करायचा. फराह गायब. गोष्ट सांगणारा तो माणूसही गायब. मी दादाला ‘आता तो काय म्हणाला?’ विचारलं, तर तो म्हणाला, ‘काही नाही गं, नुसता ओरडतोय.’

भांडण इथे सुरू झालं. दादाचं म्हणणं, सात वर्षं मरण मागे लागलं तर कुणीही असाच होईल, आणि फायटिंग बघ ना! फायटिंगचं मी मान्य करते. पहिल्या भागातली मारामारी तीच तीच होती आणि तशी टीकाही झाली होती. दुसऱ्यात दोन-दोन तलवारी, नवे डाव, सगळं सॉलिड. युबिसॉफ्टने तक्रार मारामारीची ऐकली आणि दुरुस्ती माणसाची केली! मेकनरनेही हा रक्तपात आणि हे रूप आपल्याला आवडलं नसल्याचं जाहीरपणे सांगितलं होतं. दादाच्या मुद्द्याला माझं उत्तर अजूनही तेच आहे: माणूस बदलतो हे कबूल, पण बदलताना दिसला पाहिजे. नाहीतर ते आपल्या सिरियलसारखं होतं, ‘ही भूमिका यापुढे अमुक करतील’ अशी पट्टी आली की झालं.

२००५ च्या ‘द टू थ्रोन्स’मध्ये जुना आवाज परत आला, फराह परत आली. आणि प्रिन्सच्या अंगात एक काळा प्रिन्स शिरला, जो सतत त्याच्याशी वाद घालतो. मला तर वाटतं, कंपनीने आपलंच भांडण गेममध्ये टाकलं होतं. पण शेवट जमला. फराह विचारते, तुला माझं नाव कसं माहीत? आणि तो पहिल्यापासून गोष्ट सांगायला लागतो. त्या दिवशी दादाने मराठी केलं नाही. गरज पडली नाही.

तिथेच थांबायचं होतं! पण २००८ मध्ये नवा गेम आला, नवा प्रिन्स आला, हा तर राजपुत्रही नाही, भटक्या चोर. दिसायला गेम जलरंगातल्या चित्रासारखा, एलिकाही छान. पण या प्रिन्सच्या हरवलेल्या गाढविणीचं नाव काय? फराह. जोक म्हणून! मी दोन दिवस दादाशी बोलले नाही, जणू बारसं त्यानेच केलं होतं. त्यात एपिलॉग फक्त कन्सोलवर. आम्ही पीसीवाले बसलो बोटं मोडत.

मग २०१० मध्ये हॉलिवुडचा सिनेमा आला (तिथे प्रिन्सचं नाव दस्तान) आणि त्याच सुमारास ‘द फरगॉटन सँड्स’. हा त्याच हरवलेल्या सात वर्षांतला गेम. मी म्हटलं, चला, आता कळेल काय झालं ते. कुठलं काय! आधी कधी न ऐकलेला मलिक नावाचा भाऊ, एक जिन्नांची राणी, आणि प्रिन्स पुन्हा हसतखेळत. हा पुढे ‘वॉरियर विदिन’मधला खुनशी माणूस कसा होतो, त्याचा पत्ताच नाही. २०२४ च्या ‘द लॉस्ट क्राउन’ने निदान प्रामाणिकपणा दाखवला. हिरो सार्गॉन, प्रिन्स नव्हेच. पळवून नेलेल्या प्रिन्सला तो शोधायला निघतो. मला जाम आवडला तो गेम.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण पुणे. सप्टेंबर २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, दादाचा फोन. ‘अगं, आपला प्रिन्स पुण्यात बनतोय!’ खरंच होतं. ‘सँड्स ऑफ टाइम’चा रीमेक युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होता. जुनीच स्टोरी, तोच आवाज. महाराजाची मुलगी एकदाची घरी येणार होती! ट्रेलर आला आणि ग्राफिक्सवरून जगभर टिंगल झाली. चेहरे खरंच मेणाचे वाटत होते, खोटं कशाला बोलू. पण मला चेहऱ्यांशी काय करायचं होतं? जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग तारीखच गेली. मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलकडे, म्हणजे २००३ चा गेम जिथे बनला तिथेच परत गेलं. आणि जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्टने रीमेक रद्द केला.

त्या रात्री मीच दादाला फोन केला. तो आता पुण्यातच असतो, आयटीत. म्हटलं, बातमी वाचलीस का? म्हणाला, ‘वाचली. जुनाच टाकलाय लॅपटॉपवर, खेळतोय.’ मागून तलवारींचा खणखणाट येत होता. कुठपर्यंत आलास, विचारलं, तर तो लिफ्टवाल्या मारामारीत अडकला होता. एकाला पाडलं की दुसरा, दुसऱ्याला पाडलं की तिसरा, आणि मधे फराहलाही वाचवायचं. त्याचं त्या रात्री आठव्यांदा झालं होतं.

‘फायटिंग बोअर आहे गं यातली,’ दादा म्हणाला. ‘थांब, परत मेलो.’