बॉनेटखाली काहीच नाही

रेव्हेलची 'इझी-क्लिक' फोक्सवॅगन बीटल घ्या, किंवा आओशिमाच्या 'स्नॅप किट' मालिकेतली १/३२ प्रमाणातली सुझुकी जिम्नी. गोंद नको, रंग नको. भाग आधीच रंगीत प्लॅस्टिकचे; खुंटी भोकात दाबली की टक् आवाज होतो आणि जोड बसतो. संध्याकाळी मांडी घालून बसलात तर जेवणाची पानं घेईपर्यंत गाडी तयार. जिम्नीची लांबी भरते जेमतेम साडेदहा सेंटिमीटर. बॉनेट मात्र उघडत नाही आणि कापून उघडलंत तरी खाली काही सापडत नाही.

या 'काही नाही'वरून मोटारींच्या प्रतिकृती जुळवणाऱ्या छांदिष्टांमध्ये कित्येक दशकं भांडण चालू आहे. एक पक्ष म्हणतो, इंजिन नाही ती प्रतिकृती कसली, ते खेळणं. दुसरा विचारतो, कपाटात ठेवलेल्या गाडीचं बॉनेट उचलून बघतो कोण? वरवर हा आवडीनिवडीचा प्रश्न दिसतो. पण त्याची मुळं शोधत गेलं की दोन गावं लागतात: अमेरिकेतलं डेट्रॉइट आणि जपानमधलं शिझुओका.

डेट्रॉइटच्या परिसरात १९४८ मध्ये एएमटी ही कंपनी सुरू झाली. तिचा धंदा होता मोटारविक्रेत्यांसाठी नव्या मॉडेलच्या छोट्या प्लॅस्टिक गाड्या बनवण्याचा. शोरूममध्ये गिऱ्हाइकाला रंग दाखवायला किंवा त्याच्या पोराच्या हातात द्यायला त्या उपयोगी पडत. १९५८ मध्ये एएमटीने तेच साचे वापरून १/२५ प्रमाणातली किट्स काढली. एकाच डब्यातून तीन गाड्या होत: कारखान्यातून निघते तशी, हौसेने सजवलेली, किंवा शर्यतीची. ज्याला अजून खऱ्या गाडीला हात लावायची परवानगी नाही, त्या पोराला ही केवढी मोठी मोकळीक होती! बापाची फोर्ड अंगणात उभी, आणि पोरगा टेबलावर तिचं छप्पर कापतोय.

गंमत अशी की या पहिल्या किट्समध्येही इंजिन नव्हतं. विक्रेत्याच्या शोभेच्या गाडीला ते असण्याचं कारणच नव्हतं. पण तो काळ हॉट रॉडचा होता. जुन्या फोर्डमध्ये भलतंच मोठं इंजिन बसवून ती पळवणं हा तिथल्या तरुणांचा ध्यास होता, आणि किट्सना थोड्याच वर्षांत इंजिनं आली. बंपरपासून बॅटरीपर्यंत सगळं आलं. पुढे एएमटीनेच 'क्राफ्ट्समन' नावाची स्वस्त, बिनइंजिनाची मालिका काढली. तेव्हाच प्रतवारी ठरून गेली: इंजिनवाली किट्स जाणत्यांची, बिनइंजिनाची शिकाऊंची. आज साठी-सत्तरी गाठलेला अमेरिकन छांदिष्ट सोप्या किटवर नाक मुरडतो, तेव्हा त्याच्या डोक्यात ही जुनी प्रतवारी असते. इंजिन म्हणजे काय, हे तो गॅरेजमध्ये शिकला नाही; ते टेबलावर स्पार्क प्लगच्या वायरी ओवताना शिकला. त्याचं म्हणणं मला अजिबात हास्यास्पद वाटत नाही.

शिझुओकाची गोष्ट वेगळी. ते लाकूडकामाचं गाव. तामियाची सुरुवात १९४६ मध्ये लाकडाच्या व्यवसायातून झाली, आणि लाकडी प्रतिकृतींकडून कंपनी १९६० मध्ये प्लॅस्टिककडे वळली. जपानी पोरांना गाडी चालायला हवी होती. म्हणून पोटात छोटी मोटर आणि बॅटरीचे सेल. तामियाच्या रणगाड्यांचं जगभर रूढ झालेलं १/३५ हे प्रमाणही कुठल्या शास्त्रातून आलेलं नाही. पँथर रणगाड्याच्या पोटात मोटर आणि सेल मावावेत म्हणून ते तेवढं धरलं गेलं. मोटारींच्या किट्सचंही तेच. पोटात सेल असताना इंजिन दाखवायला जागा कुठली? पुढे मोटर गेली, सेल गेले, पण बंद बॉनेट राहिलं. वाचलेली मेहनत जपान्यांनी बाहेरच्या आकारावर लावली. तामियाने पोर्श ९११ गाडी विकत घेऊन ती पार सुटी करून अभ्यासली, आणि १९७६ मध्ये १/१२ प्रमाणातली पोर्श ९३४ काढली. त्याच वर्षी तिची रेडिओ कंट्रोलवर धावणारी गाडीही झाली. एवढा अभ्यास अखेर चालत्या खेळण्याच्या कामी आला, म्हणून त्याला कमी लेखणारे लेखोत.

म्हणजे एकाच्या लेखी इंजिन नसणं ही काटछाट आहे, दुसऱ्याच्या लेखी तो घराण्याचा रिवाज.

तिसरी पिढी तर या भांडणात पडतच नाही. बँडाईने १९८० मध्ये गुंडम यंत्रमानवांची किट्स आणली. पुढे त्यांतला गोंद गेला, भाग रंगीत प्लॅस्टिकचे झाले. १९९८ मध्ये आलेल्या 'परफेक्ट ग्रेड' गुंडममध्ये शेकडो भाग होते आणि तरी ते गोंदाशिवाय जुळत होते. बिनगोंदाचं म्हणजे सोपं, हे समीकरण तिथेच मोडलं. यावर वाढलेला पंचविशीतला माणूस स्नॅप किट घेताना लाजत नाही. लाजावं कशाला, हेच त्याला कळत नाही. आणि गोंदाचा मोठेपणा तरी किती सांगायचा? अमेरिकेत मुलं तो हुंगू लागली म्हणून टेस्टर्स कंपनीला १९६९ मध्ये त्यात मोहरीचं झोंबरं तेल घालावं लागलं होतं.

आता माझं मत. किट सोपं केलं, हा दोष नाही. काय सोपं केलं, ते बघायला हवं. मोटारीच्या प्रतिकृतीत खरी परीक्षा रंगाची. रणगाड्यावर चिखल फासून चुका झाकता येतात, आरशासारख्या चकचकीत बॉनेटवर धुळीचा एक कण बसला तरी तो वर्षभर टोचत राहतो. ही परीक्षा स्नॅप किट घेऊन टळत नाही. तयार भाजणी आणली म्हणून चकलीला काटे आपोआप येत नाहीत. म्हणूनच मुरलेले हात सोपं किट मुद्दाम घेतात: वीस तास जुळणीत घालवण्याऐवजी ते रंगात घालवायचे. साठीनंतर डोळे आणि बोटं कुरकुरू लागली की हे गणित आणखी पटतं.

पण सोपेपणाच्या नावाखाली काय काय खपवलं जातं, तेही सांगायला हवं. दारांच्या आतल्या बाजू आणि तळ मिळून एकच परात; साच्यातून ती सरळ वर निघावी लागते, म्हणून दारावरचं नक्षीकाम पुसट. सायलेन्सरची नळी चॅसिसलाच चिकटलेली. हेडलाइटच्या पारदर्शक भागाआड मधोमध दिसणारी खुंटी, बुबुळासारखी. डीकॅलऐवजी जाड स्टिकर. ते वळणावर बसत नाहीत, कडा उचलतात. चमकीच्या प्लॅस्टिकमध्ये साच्यात माल वाहताना पडलेले भोवरे तसेच दिसतात. लाल प्लॅस्टिकवर पांढरा रंग मारलात, तर काही दिवसांत तो गुलाबी होऊ लागतो, कारण आतला रंग वर झिरपतो. खुंट्या मोजून मापून घट्ट केलेल्या असतात. रंगाचा थर चढला की बसत नाहीत आणि जोर केला की मोडतात. त्या आधीच थोड्या तासून घ्याव्यात, हे डब्यावर कुणी छापत नाही.

यातलं बरंचसं मी माफ करीन. एक गोष्ट नाही: छताची रेघ चुकलेली. पुढच्या काचेचा कल दोन अंशांनी हुकला की ती गाडी 'ती' राहत नाही, मग खाली वायरींसकट इंजिन असो. उलट पंचवीस भागांत नेमका आकार पकडणारा साचा बनवणाऱ्याला मी उस्ताद म्हणीन.

आपल्याकडे या चर्चेला एक रोकडी बाजू आहे. सीमाशुल्काच्या वर्गवारीत किट्स खेळण्यांसोबत ९५०३ या शीर्षकाखाली बसतात. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. ज्वालाग्राही म्हणून रंग आणि थिनर टपालाने सहज येत नाहीत. मुंबई-पुण्याच्या पावसाळ्यात लॅकर मारला तर दमटपणामुळे तो दुधाळ होतो. अशा ठिकाणी रंग न मागणारं किट हा कमीपणा नव्हे, शहाणपणा आहे.

तेव्हा या दिवाळीत घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी किट घेणार असाल, तर शंभर भागांचं इंजिनवालं घेऊ नका. ते अर्धवट राहून माळ्यावर जाईल. १/३२चं स्नॅप किट घ्या आणि सोबत एक चांगला निपर घ्या. भाग पिरगाळून तोडू देऊ नका, निपरने कापायला शिकवा. इंजिनाचं त्याचं तो विचारेल.