समुद्राच्या तळाशी पेरणी

अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या पूर्व किनाऱ्यावर, उथळ खाड्यांच्या तळाशी, एकेकाळी ‘ईलग्रास’ या सागरी गवताची कुरणे होती. १९३०च्या दशकात त्यावर रोग पडला, १९३३मध्ये चक्रीवादळ आले आणि ती नाहीशी झाली. त्यांच्या आसऱ्याने वाढणारे स्कॅलप शिंपलेही संपले.

ईलग्रास म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळे, फुले, बिया असतात, म्हणून ते पेरता येते. शास्त्रज्ञांनी १९९९पासून तेच केले. वसंतात स्वयंसेवक स्नॉर्केल लावून पाण्यात उतरतात आणि बियांनी भरलेले कोंब हाताने खुडतात. टाक्यांमध्ये कोंब कुजले की बिया सुट्या होतात. पानगळीच्या दिवसांत त्या खाडीत पेरल्या जातात. दोन दशकांत ७ कोटींहून अधिक बिया सुमारे २०० हेक्टरांत पेरल्या. गवत पुढे आपोआप पसरत सुमारे ३,६०० हेक्टरांवर गेले. पाणी निवळले, मासे वाढले, गाळात कार्बन साठू लागला.

किनारा सावरण्याच्या कामात उतरू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनो, व्हर्जिनियाच्या या कामातून शिका: आपल्या खाडीत खारफुटीचे रोप लावून थांबू नका. भरतीची रेषा ओळखा, जगलेली रोपे दरवर्षी मोजा, नोंदी ठेवा. यश त्या चिकाटीतूनच येते.